समुद्र किती, जमीन किती

माझ्या धाकट्या जावेचं लग्न ठरलं, तेव्हा ती नेमकी कसली नोकरी करते हे सासऱ्यांना समजावून सांगताना भाऊजींच्या तोंडाला फेस आला होता.

"समुद्राची उंची मोजते," भाऊजी म्हणाले.

"खोली म्हणायचंय का तुला?"

"नाही बाबा, उंची. पाणी किती वर आलंय ते."

"ते धक्क्यावर उभं राहिलं की कुणालाही दिसतं. त्याचा पगार देतात?"

सासऱ्यांनी त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, मोजणीबाई. ती घरात आल्यावर हे नाव तिच्या कानावर पडू नये म्हणून आम्ही खूप जपलं, पण सासऱ्यांच्या जिभेला हाड नाही. पहिल्याच जेवणाला "मोजणीबाईंना वाढा" म्हणून मोकळे झाले. मी जीभ चावली. ती मात्र खळखळून हसली. "बाबा, ऑफिसात मला याहून वाईट नावं आहेत," म्हणाली.

आमचा बर्फाचा कारखाना आहे. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. खाली कारखाना, वर घर. कॉम्प्रेसरची घरघर सतत भिंतीतून येते. पाहुण्यांना पहिल्या दिवशी झोप लागत नाही, आणि आम्ही कुठं पाहुणे गेलो की त्या घरघरीवाचून आम्हाला लागत नाही. सासऱ्यांनी हा कारखाना शून्यातून उभा केला. जमिनीत खोल बोअर मारून गोडं पाणी काढायचं, ते लांबट डब्यांत भरायचं, डबे गारढोण मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, आणि लाद्या तयार झाल्या की मासेमारीच्या होड्यांना द्यायच्या. कारखाना आमचे हे बघतात. फोन, ऑर्डरी आणि होडीवाल्यांशी भांडणं माझ्याकडे. भाऊजी शाळेत गणित शिकवतात. बर्फाशी त्यांचा संबंध सरबतापुरता.

धाकटीचं ऑफिस बंदरातच होतं. धक्क्याच्या टोकाला टपरीएवढी एक खोली होती. तिच्या पोटातून एक जाड नळी खाली पाण्यात सोडलेली, आणि वर यंत्र. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती खोली बघत होते. मला वाटायचं, विजेचं काहीतरी असेल. तो भरतीमापक आहे, आणि आपल्या गावाचा समुद्र कित्येक वर्षं तिथं नोंदला जातोय, हे मला धाकटीनं सांगितलं तेव्हा कळलं.

एकदा जेवताना सासऱ्यांनी तिला घेरलं.

"हे बघ, पाणी सपाट असतं. एका भांड्यात इकडे जास्त, तिकडे कमी असं पाणी राहत नाही. सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले. मग जगात जेवढा वाढेल तेवढाच इथं वाढेल. तुला इथं वेगळं मोजायला कशाला ठेवलंय?"

प्रश्न माझ्याही मनात होता, विचारायची लाज वाटत होती एवढंच. ती हात धुऊन आली आणि म्हणाली, "बाबा, खाली चला. तुमच्या टाकीतच दाखवते."

आम्ही सगळे तिच्या मागोमाग खाली. मिठाच्या पाण्याच्या टाकीत एका टोकाला पंखा असतो, पाणी फिरतं राहावं म्हणून. तिनं सासऱ्यांना पलीकडच्या टोकाला उभं केलं.

"तिथं पाणी कुठपर्यंत आहे?"

"इथं नेहमी बोटभर वरच असतं. पंखा ढकलतो ना इकडे."

"आणि पंखा बंद केला की?"

"मग सपाट," सासरे म्हणाले, आणि तसेच थांबले. आपलंच वाक्य आपल्याला ऐकू आल्यासारखे.

"समुद्रावर वारा हाच पंखा. तो बंद कधीच होत नाही. कमीजास्त होतो, दिशा बदलतो. शिवाय कोमट पाणी फुगतं, गार पाणी आक्रसतं. म्हणून साऱ्या समुद्राची एक सरासरी निघते, पण एकही किनारा त्या सरासरीवर चालत नाही. कुठे जास्त, कुठे कमी. काही ठिकाणी तर उतरतोसुद्धा."

"उतरतो?"

"ध्रुवाकडचे बर्फाचे डोंगर इतके जड आहेत, बाबा, की ते समुद्राला स्वतःकडे ओढून धरतात. ते वितळले की ओढ कमी होते. मग त्यांच्या जवळचं पाणी उतरतं, आणि ते लांब आपल्यासारख्यांकडे येतं."

सासरे ऐकतच राहिले. मग म्हणाले, "जन्मभर बर्फ केला, पण त्यानं मला कधी ओढलं नाही."

"तुम्हाला ओढलं नाही?" मी म्हटलं. "तुम्ही जेवायला तरी वर येता का वेळेवर?"

त्या दिवसापासून सासरे तिचे झाले. लाद्या भरायला आलेल्या होडीवाल्याला थांबवून टाकी दाखवायचे, आणि वारा, कोमट पाणी, बर्फाचे डोंगर असं सगळं जणू स्वतःच शोधून काढल्याच्या थाटात सांगायचे.

पुढे उधाणाच्या भरतीचा त्रास वाढला. पाणी धक्का ओलांडून येत नव्हतं, गटारांतून उलटं वर यायचं. ऊन पडलेलं, वारा नाही, आणि बाजाराच्या रस्त्यावर घोट्याएवढं खारं पाणी. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक पाय वर घेऊन दाढी करून घ्यायचं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळी कपाटं विटांवर चढवली. शेवटी नगरपालिकेनं संरक्षक भिंत बांधायचं ठरवलं. त्यासाठी मोठ्या शहरातून एक इंजिनिअर आले. जगाचा समुद्र वर्षाला जेवढा वाढतो त्या हिशेबानं त्यांनी भिंतीची उंची काढली होती.

सभेत धाकटी उभी राहिली. भरतीमापकाच्या नोंदी तिनं पडद्यावर दाखवल्या आणि सांगितलं, की जगाची सरासरी खरी आहे, पण ती आपली नाही. आपल्या धक्क्यावर समुद्र त्याच्या तिप्पट वेगानं वाढतोय. इंजिनिअर भले माणूस. त्यांनी नोंदी पाहिल्या, दोन प्रश्न विचारले आणि भिंत उंच करायला हवी हे मान्य केलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो. न्हाव्यानं तो कापून आरशाच्या कोपऱ्यात लावला. वाढीव भिंतीचा प्रस्ताव मंजुरीला गेला.

आणि नेमकं तेव्हापासून धाकटीचं जेवणातलं लक्ष उडालं.

मला वाटलं, दिवस गेले असतील. एकदा दोघीच स्वयंपाकघरात होतो तेव्हा मी विचारलंच.

"नाही हो ताई," ती म्हणाली. "मी सभेत जो आकडा सांगितला ना, तो बरोबर आहे. पण त्याचा अर्थ मला कळलेला नाही."

मला काहीच उमजलं नाही. तिनं माझा शिवणाचा डबा ओढला आणि शर्टाची बटणं काढून ओट्यावर रचली. "जगाचा समुद्र वर्षाला साधारण दोन बटणांच्या जाडीएवढा वाढतो. आपला भरतीमापक सांगतो, सहा. पण उपग्रह वरून समुद्र बघतो. तो सांगतो, आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्र दोनाहून थोडाच जास्त वाढतोय. अडीच म्हणा."

"मग तुझं यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र मी तीनदा तपासलं. यंत्र ठीक आहे. ज्यावर ते उभं आहे त्याचा मला संशय येतोय." तिनं बोटानं ओटा दाबला. "भरतीमापकाला एवढंच कळतं, की पाणी आपल्यापासून किती अंतरावर आहे. पाणी वर आलं, की आपणच खाली गेलो, हे त्याला कसं कळणार?"

तिच्या वरिष्ठांशी ती फोनवर बोलली. त्यांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. शोध जरूर घ्या, पण सावकाश घ्या, भिंत मंजूर होऊ दे, असा एकंदर सूर. तिनं "हो सर" म्हणून फोन ठेवला आणि लगेच बूट चढवले.

गावामागच्या टेकडीवर दीपगृह आहे. टेकडी अख्खी कातळाची. तिथं कातळात एक पितळी खिळा ठोकलेला आहे, जुन्या मोजणीवाल्यांनी. तो हलत नाही, म्हणून त्याच्यापासून मोजत खाली धक्क्यापर्यंत यायचं, असा बेत होता. तिपाईवर दुर्बीण लावून ती बघणार, आणि पुढे मागे कुणीतरी आकड्यांची उंच काठी सरळ धरून उभं राहणार. तिच्या मदतनिसाच्या घरी बाळ झालं होतं, तो रजेवर. भाऊजींना उन्हात उभं केलं तर ते कवितेची वही काढतात. राहिले मी.

मी काठी धरली. सुट्टीच्या दिवशी सकाळी, बाजार उघडायच्या आत. अशा किती सकाळी गेल्या देव जाणे. तिचं काम मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते, आणि खरं सांगते, मी थक्क झाले. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी निष्ठा. काठी जरा कलली की तिला लांबून कळायचं. टेकडीवरून धक्क्यापर्यंत एकदा मोजलं की तोच सगळा रस्ता उलटा मोजत परत वर. जाताना आणि येताना आकडा जुळला नाही तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. एकदा केसाएवढा फरक आला. मी म्हटलं, "अगं, केसाएवढाच आहे." ती म्हणाली, "ताई, समुद्र वर्षाला दोन बटणंच वाढतो. मी केस सोडत गेले तर समुद्रच सोडून दिल्यासारखं होईल." आणि तिपाई खांद्यावर घेऊन पुन्हा टेकडी चढायला लागली.

रस्त्यात लोक थट्टा करायचे. न्हावी म्हणाला, "वहिनी, गाव विकायला काढलंय की काय?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक बघतोय. तुझ्या दुकानासकट."

निकाल आला तो असा, की जुन्या मोजणीपासून आजवर धक्का वीतभर खाली गेला होता. त्याच्या टोकावरची खोली, तिच्यातली नळी, यंत्र, सगळंच हळूहळू बुडत होतं, आणि बुडताना समुद्र वाढतोय असं लिहून ठेवत होतं. ते खोटंही नव्हतं. समुद्र वाढतच होता. पण निम्म्याहून जास्त दोष जमिनीचा होता.

ती तिथं थांबली नाही. जमीन बसतेय, तर सगळीकडे सारखी बसतेय की कुठे कमी कुठे जास्त, हे तिला हवं होतं. शाळेची पायरी, पोस्टाचा कट्टा, दवाखान्याचा उंबरा, असं जिथं जिथं जुनी खूण सापडली तिथं आम्ही काठी लावली. टेकडीकडे जमीन जागच्या जागी. बाजारात थोडी बसलेली. आणि आमच्या घराकडे यावं तसा आकडा वाढत गेला. आमच्या फाटकाशी तिनं दुर्बिणीतून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग डोळा न काढता तशीच वाकून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई, बोअरचा पाइप बघू या का जरा?"

बोअरचा पाइप कारखान्याच्या मागच्या अंगणात आहे. तो सुरुवातीला जमिनीशी सपाट होता, हे मला सासऱ्यांनीच सांगितलेलं. आता गुडघ्याला लागत होता. भोवतीचा कट्टा आम्ही दोनदा नव्यानं बांधला होता. पाइप वर येतोय, खालचं पाणी ढकलत असेल, असं सासरे कौतुकानं म्हणायचे. त्यांच्या लेखी ते भरभराटीचं लक्षण.

धाकटी पाइपापाशी बसली. त्यावर हात ठेवला.

"हा खाली खोल कातळात रुतलाय. तो वर आलेला नाही, ताई. तो आहे तिथंच आहे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाइप हलला नव्हता. आमचं अंगण, कारखाना, घर, त्याखालचा मऊ चिखल, सगळं त्याच्याभोवती खाली गेलं होतं. चिखलातलं पाणी आम्ही वर्षानुवर्षं उपसत होतो आणि तो पिळलेल्या स्पंजासारखा दबत होता. आम्ही एकटेच नाही. मासळी साफ करणाऱ्या शेड, कापड रंगवणारे, सगळ्यांचे बोअर होते. पण सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खोल आमचा.

"घरी सांगशील?" मी विचारलं.

"तुम्ही शेजारी बसाल का?" ती म्हणाली. एवढी मोजून मापून वागणारी बाई, पण तेव्हा तिचा चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा झाला होता.

मी बसले. तिनं दुपारच्या चहाच्या वेळी सांगितलं, काही न लपवता. आमच्या ह्यांनी कप आपटला.

"तुला समुद्र मोजायला ठेवलंय ना? मग समुद्र मोज. आमची जमीन कशाला मोजतेस?"

"दादा, जमीन मोजल्याशिवाय समुद्र मोजताच येत नाही."

"म्हणजे आता घरच्याच माणसानं कारखान्यावर नांगर फिरवायचा!"

भाऊजी मध्ये पडायला गेले, तर ह्यांनी त्यांनाही झापलं. सासरे मात्र उठले, जिना उतरून खाली गेले. खिडकीतून मला दिसत होतं. पाइपाशी उभे होते, हात मागे बांधून. बऱ्याच वेळानं वर आले आणि म्हणाले, "ती बटणं काढ."

मी डबा आणला. धाकटीनं सहा बटणं रचली आणि वाटणी करून दाखवली. दोन जगाची. एक तुटकं, अर्धं, आपल्या किनाऱ्याचं स्वतःचं, वाऱ्यामुळे आणि कोमट पाण्यामुळे. उरलेली साडेतीन जमिनीची.

"यातली माझ्या हातात कुठली?"

"ही साडेतीन. सगळी तुमच्या एकट्याच्या हातात नाहीत, पण गावाच्या हातात आहेत."

"आणि ही दोन?"

"ती साऱ्या जगाच्या हातात आहेत, बाबा. त्यात आपलाही वाटा आहे, पण एका गावानं खटका दाबून ती थांबणार नाहीत."

"बोअर बंद केले तर जमीन वर येईल?"

"नाही. आली तर अगदी थोडी. पण बसायची थांबेल, आणि तेही लगेच नाही. काही वर्षं जातील."

सासऱ्यांनी ती साडेतीन बटणं आपल्याकडे ओढली. "तू काय करणार आहेस?"

"मी सभेत म्हणाले होते, समुद्र तिप्पट वाढतोय. ते चुकलं. मला उभं राहून ते दुरुस्त करायचंय."

भाऊजी म्हणाले, "अगं, पण कुणी विचारलंय का?"

"त्या भिंतीच्या भरवशावर लोक राहणार आहेत ना? मग विचारायची वाट कशाला बघू?"

सभा पुन्हा शाळेच्या हॉलमध्ये. ती उभी राहिली तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या, मागच्या वेळच्या आठवणीनं. त्या थांबल्यावर तिनं सरळ सांगितलं, की मागच्या वेळी मी धक्क्यावरचा आकडा समुद्राचा म्हणून सांगितला. त्यातला बराचसा जमिनीचा आहे. समुद्र वाढतोय हे खरं, जगाच्या सरासरीपेक्षा थोडा जास्तच वाढतोय हेही खरं, पण तिप्पट नाही. आपण खाली जातोय.

गलका झाला. होडीवाल्यांचा म्होरक्या उठला. "म्हणजे आता भिंतीची मंजुरी गेली म्हणायची!"

"भिंत हवीच आहे," ती म्हणाली. "पण बसणाऱ्या जमिनीवर बांधली तर भिंतही बसेल. दर थोड्या वर्षांनी उंच करत राहावी लागेल. आधी उपसा थांबायला हवा."

"कुणाचा उपसा? नाव घ्या ना!"

मी भाऊजींच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिनं नाव घेतलं.

"धक्क्याजवळच्या सगळ्या बोअरचा. त्यात पहिला आमचा. बर्फाच्या कारखान्याचा."

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासरे दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहत होते.

"ती बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "मी पाइप बघून आलोय. आणि एक गोष्ट सांगतो, तिनं मला बोअर बंद करा असं एकदाही म्हटलेलं नाही. तिनं मोजलं आणि दाखवलं. बंद मी करतोय. मात्र मला टेकडीमागच्या तलावाचं पाणी नळानं आणून द्या. बर्फ काही हवेचा होत नाही."

"आणि तोवर आमची मासळी काय फुंकर घालून गार ठेवायची?" म्होरक्या म्हणाला. हॉल हसला, आणि हसण्यात ताण सैल झाला. इंजिनिअर त्या सभेलाही आले होते. ते पुढे येऊन धाकटीच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी तिथल्या तिथे तिच्याकडून मोजणीचा नकाशा मागून घेतला. म्हणाले, "बाई, माझ्या नोकरीत आकडा वाढवून सांगणारे खूप भेटले. स्वतःचा आकडा कमी करायला उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहतोय."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. आम्ही उपसा निम्म्यावर आणला आणि काही होड्या बर्फासाठी पलीकडच्या बंदराकडे वळल्या. माझा फोन गप्प झाला. त्या फोनच्या कटकटीला मी वर्षानुवर्षं शिव्या घालत आले होते. आता तो वाजावा म्हणून त्याच्याकडे बघत बसायचे. आमच्या ह्यांनी धाकटीशी बोलणंच सोडलं. ती समोर बसलेली असतानाही मला म्हणायचे, "तिला सांग, मीठ इकडे दे." ती मीठ द्यायची आणि मला म्हणायची, "त्यांना सांगा, घ्या." एकदा मी वैतागून मीठ स्वतःच्याच ताटात उपडं केलं तेव्हा दोघंही हसले, पण बोलणं काही सुरू झालं नाही.

रंगवाले सगळ्यांत शेवटी तयार झाले. नळ आला तोही चारदा खोदकाम अडून. पण आला. त्या दिवशी सासऱ्यांनी बोअरचा पंप स्वतः काढून ठेवला आणि पाइपाच्या तोंडावर झाकण घातलं. कुणाला मदत करू दिली नाही.

धाकटीनं धक्क्यावरच्या खोलीच्या छपरावर उपग्रहाशी बोलणारं एक यंत्र बसवून घेतलं होतं, धक्का स्वतः किती हलतो ते सांगणारं. पहिल्या वर्षी काहीच फरक नाही. गावात कुजबुज सुरू झाली. जो विचारील त्याला ती "अजून फरक नाही" असं तोंडावर सांगायची. मला राहवेना, मी म्हटलं, "निदान थोडा आहे असं तरी म्हण." ती म्हणाली, "असता तर म्हटलं असतं." दुसऱ्या वर्षी वेग मंदावला. तिसऱ्या वर्षी एका सकाळी ती आकडे घेऊन घरी आली, तेव्हा जिन्यात आमचे हे उभे होते.

"किती?" ह्यांनी विचारलं. सरळ तिला.

ती क्षणभर गोंधळली. "थांबली, दादा. जवळजवळ थांबलीच."

"आणि समुद्र?"

"तो चालूच आहे. अडीच बटणं."

"म्हणजे आपण एवढं केलं तरी तो येणारच."

"येणारच. पण आता आपण त्याच्याकडे जात नाही आहोत."

हे दोन पायऱ्या चढले. मग म्हणाले, "चहा घेतेस?" आणि स्वतः जाऊन आधण ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना चहाचं भांडं कुठं असतं हे माहीत आहे याचा शोध मला त्या दिवशी लागला.

भिंत झाली. नव्या मोजणीवर, पुढचा समुद्र धरून, आणि गटारांच्या तोंडाशी पाणी बाहेर सोडणाऱ्या पण आत न घेणाऱ्या झडपा बसवून. पुढच्या मोठ्या उधाणाला सगळं गाव धक्क्यावर गोळा झालं. पाणी भिंतीला लागून वर आलं, थांबलं, उतरलं. न्हाव्याच्या दुकानात फरशी कोरडी होती. ह्यात जगाच्या समुद्रानं काडीचीही सवलत दिली नव्हती.

हल्ली दुसऱ्या बंदरांची माणसं तिला भेटायला येतात. परवा असेच चौघं आले होते. त्यांच्याकडेही रस्त्यावर पाणी येतं. त्यांना आमच्या भिंतीचा नकाशा आणि आमचा आकडा हवा होता, म्हणजे गावी जाऊन तसंच बांधता येईल. तिनं त्यांच्यासमोर साऱ्या समुद्राचा रंगीत नकाशा पसरला. कुठे गडद लाल, कुठे फिकट, एका कोपऱ्यात चक्क निळा. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी आपल्या गावावर बोट ठेवलं आणि मग आमच्या. "एवढ्याशा अंतरात रंग बदलतो?"

"बदलतो," ती म्हणाली. "आणि यात तुमची जमीन धरलेलीच नाही. नकाशा न्या, मोजायची पद्धत न्या, लागलं तर मी येईन. आमचा आकडा तेवढा नेऊ नका. तुमच्या गावात कातळ कुठे आहे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठाऊक कुणालाच नव्हतं. तिनं लगेच वही ओढली आणि प्रश्न विचारायला लागली: विहिरी किती खोल, माती कसली, जुनी इमारत कुठली. ते निघाले तेव्हा वयस्कर गृहस्थ मला जिन्यात म्हणाले, "आम्ही उत्तर न्यायला आलो होतो, बाईंनी काम दिलं." मी म्हटलं, "तसंच करते ती."

त्यांना वाटेला लावून ती बूट घालायला लागली. ओहोटी होती. भरतीमापकाच्या नळीच्या तोंडाशी शिंपले धरतात आणि पाणी आत यायला अडतं. ते खरवडायला ओहोटीच लागते. हे काम मदतनिसाला सांगता येतं. ती सांगत नाही. मी बर्फाची ऑर्डर पोचवायला धक्क्यावर गेले, तर ती तिथं पालथी पडलेली, अर्धी धक्क्याबाहेर लोंबकळत, खांद्यापर्यंत हात नळीत घातलेला, केसांत शेवाळ. शेजारून होड्या जात होत्या. म्होरक्यानं आपल्या होडीचं इंजिन मुद्दाम मंद केलं, तिच्या अंगावर लाट जाऊ नये म्हणून, आणि ती सरळ होईपर्यंत तसाच थांबून राहिला.